काजळ घातलेली ओळ

दवंडीने पुढचा अर्ज उघडला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण मनातल्या मनात वाचणं त्याला जमतच नसे. त्यामुळे अख्ख्या कक्षाने त्याला दवंडी करून टाकलं होतं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

समोरच्या टेबलाशी ती स्टेपलरमध्ये पिना भरत होती. दवंडीने अर्जदाराचं नाव वाचलं. पिनांची पट्टी तिच्या हातून निसटली आणि फरशीवर पडून तुटली.

"अहो ताई, हळू," दवंडी म्हणाला आणि पुढे वाचत राहिला.

तो पुढे काय वाचतोय ते तिला ऐकूच आलं नाही. ती टेबलाखाली वाकली. एकेक पिनेचा तुकडा उचलत राहिली, कारण उठून बसलं असतं तर चेहरा दिसला असता. इतक्या दिवसांनी ते नाव, तेही आडनावासकट, आणि तेही दवंडीच्या खणखणीत आवाजात!

कंपनी घरपोच औषधं देणारी. कुणाला कुठलं दुखणं, कुणाच्या घरी कुठल्या गोळ्या, कुठल्या दारी, सगळं कंपनीला ठाऊक. म्हणून मग कायद्याने हा कक्ष सुरू करायला लावलेला. कुणीही अर्ज करावा, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते दाखवा म्हणावं, की कंपनीने निमूटपणे सगळी प्रत काढून द्यायची. पुसा म्हटलं तर पुसायचं. "लोकांचं लोकांना परत देतो आपण, पुण्याचं काम आहे," असं दवंडी येताजाता म्हणायचा. तीही म्हणायची. नव्या माणसांना शिकवताना तर ती अगदी जीव तोडून सांगायची, की ज्याची माहिती, त्याचा हक्क.

आता हा हक्क तिचा नवरा मागत होता.

तो पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात असा, की बघणाऱ्याने बघत राहावं. कमरेला कायम लोखंडी टेप लटकवलेली. "पाटीचं माप घ्यायला आलोय म्हटलं ना, की कुठलंही दार उघडतं," असं तो फुशारकीने सांगायचा, आणि ते खरंही होतं. घरात बिनसलं की तो आरडाओरडा करायचा नाही. खुर्चीत बसून टेप बाहेर ओढायचा आणि सोडून द्यायचा. खट्ट. पुन्हा ओढायचा. खट्ट. कितव्या खट्टनंतर तो उठेल ते सांगता यायचं नाही. शेजारच्या खोलीत लेक पांघरुणात डोकं घालून पडायची आणि तिला धाप लागायची.

त्या धापेसाठीच दम्याचा पंप लागायचा, आणि तो पंप त्याच्या खात्यावर याच कंपनीतून यायचा. लेकीला घेऊन ती निघाली, शहर बदललं, माहेरचं आडनाव परत लावलं, तेव्हा तिने सगळ्यात आधी लेकीसाठी नवं खातं उघडलं होतं. नोकरी याच कंपनीत मिळाली हा निव्वळ योगायोग. त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण तो डोक्याने चालणारा माणूस. मुलगी कुठेही असो, तिला पंप लागणारच, आणि पंप कुठूनतरी मागवला जाणारच, एवढं त्याला कळत होतं. तो एकेका कंपनीचं दार ठोठावत निघाला असणार. माप घ्यायला.

'एकदा तरी चुकून जुन्या खात्यावरून मागवला असेल तर?' हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घुमत राहिला. गेल्या हिवाळ्यात लेकीचा श्वास अडकला होता, घाईघाईत फोन हाती घेतला होता, तेव्हा कुठलं खातं उघडं होतं? आठवेना. काही केल्या आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत दवंडी डबा घेऊन गच्चीवर गेला. कक्षात कुणी नाही असं पाहून तिने आपल्या संगणकावर ते खातं उघडलं.

जुना पत्ता. जुने पंप. खोकल्याचं एक औषध. त्याच्या पाठीला लावायचं मलम. शेवटची मागणी त्या घरातली, ती निघाली त्याच्या थोडी आधीची. त्यापुढे काही नाही. तिने वरून खाली, खालून वर पाहिलं. नवा पत्ता कुठेही नव्हता. लेक कुठे आहे, हे त्या खात्याला माहीत नव्हतं.

तिने खातं बंद केलं, आणि मग कितीतरी वेळ तळहात मांडीवर पुसत बसली. जीव भांड्यात पडला. गच्चीवर जाऊन तिने डबा खाल्ला, दवंडीच्या फालतू विनोदावर हसली, त्याच्या डब्यातली भाजीसुद्धा मागून घेतली.

"आज स्वारी खुशीत दिसते," तो म्हणाला.

"भूक लागली होती हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवंडी ती प्रत जुळवायला बसला. ती आपल्या कामात होती, म्हणजे कान तिकडे लावून आपल्या कामात होती.

"अरेच्चा! ताई, हे खातं तुम्ही उघडलं होतं?"

तिची बोटं कळफलकावर थांबली.

"कुठलं?"

"हेच, कालचं. इथे आलंय ना तुमचं नाव. खातं पाहणारे कर्मचारी, त्यात शेवटची ओळ तुमची. मुख्य कार्यालय, ग्राहक माहिती कक्ष, कालची दुपार."

"चुकून उघडलं असेल," ती म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही. "ते कशाला लावतोस प्रतीला? ते आपलं आतलं असतं."

"आतलं कसलं? मागितलंय त्यांनी. वाचलं होतं ना मी काल." त्याने पुन्हा खणखणीत वाचलं, "'माझी माहिती तुमच्या कंपनीत कुणी कुणी पाहिली त्यांची नावे, सर्व माझ्या भाषेत.' हक्कच आहे त्यांचा. तुम्हीच तर शिकवलंत मला."

त्या क्षणी तिला कळलं, आणि कळल्यावर हसावं की रडावं तेही समजेना. कालपर्यंत त्या खात्यात तिच्याकडे बोट दाखवणारं काहीही नव्हतं. आता होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं. भीतीपोटी डोकावली, आणि डोकावल्याचीच खूण राहिली. काल तो अर्ज शेवटपर्यंत ऐकला असता तर! ती टेबलाखाली पिना वेचत होती.

कक्षप्रमुख मॅडमच्या केबिनचं दार काचेचं होतं. ती आत गेली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. मॅडम नियमाला पक्क्या. कामाशिवाय कुणाचं खातं उघडलं म्हणून त्यांनी एकाला त्याच दिवशी घरी बसवलं होतं, आणि तो रडत असताना त्याच्यासमोर चहासुद्धा प्यायल्या होत्या.

"बोला."

"मी एक खातं उघडलं. माझं काम नव्हतं ते."

मॅडमनी चष्मा काढला. "का?"

"ते..." ती थांबली. काय म्हणावं? नवरा म्हणवेना. "ते माझ्या मुलीचे वडील आहेत."

तिने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते, तरी बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. मॅडमनी त्या हातांकडे पाहिलं. मग उठून काचेवरचा पडदा ओढला आणि आपल्या समोरचा पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"त्यांना माहीत आहे, तुम्ही इथे आहात ते?"

"नाही. कुणालाच नाही. पण आता ती ओळ त्यांच्याकडे जाईल."

"ओळ पुसता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या मालक आला तरी पुसता येणार नाही. तशीच रचना आहे ती."

"माहीत आहे मला."

"पण झाकता येईल." मॅडमनी चष्मा परत चढवला. "दुसऱ्याची माहिती प्रतीत आली तर आपण काय करतो?"

"काजळ घालतो."

तो कक्षातला शब्द. शेजाऱ्याचा फोन, डॉक्टरचा पत्ता, असलं काही प्रतीत आलं की त्यावर काळी पट्टी मारायची. कुणीतरी कधीतरी त्याला काजळ म्हटलं आणि तेच चिकटलं.

"मग? तुम्ही दुसऱ्या नाही का? तुमचं नाव ही तुमची माहिती नाही?"

तिने मान वर करून पाहिलं. इतक्या लोकांच्या हक्कांच्या प्रती तिने काढल्या, पण आपलाही एक असेल हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

"अर्ज करा," मॅडम म्हणाल्या. "इथेच बसून करा. खातं उघडल्याबद्दल तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन, आणि बोलेन हे नक्की. आणि हे बघा, तुमचं एकटीचं झाकायचं नाही. उठून दिसेल. सगळ्यांनाच काजळ."

दवंडीला कारण सांगितलं नाही, नुसता हुकूम गेला. त्याने कुरकुर केली. "माझंही नाव झाकायचं? आयुष्यात एकदा कुठे छापून येणार होतं!" मग त्याने प्रत पाठवून दिली, आणि मोठ्याने जाहीरही केलं की पाठवली.

त्यानंतरचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. बसमधून उतरली की आधी पलीकडचा फुटपाथ बघायची. रंगाचा डाग पडलेला शर्ट दिसला की जवळच्या दुकानात शिरायची, मग तो शर्ट कुणा घररंगाऱ्याचा निघायचा आणि तिला स्वतःचीच कीव यायची. लेकीने एकदा शाळेची पट्टी टेबलाच्या कडेला धरून टण्णकन वाजवली, तर ती तिच्यावर केवढ्यांदा ओरडली. लेकीचे डोळे भरून आले. तिने पट्टी दप्तरात ठेवली आणि पुन्हा काही ती बाहेर काढली नाही.

पण काही झालं नाही. कुणाचा फोन नाही, काही नाही. हळूहळू तिला झोप लागायला लागली. दवंडीच्या वाचनाने पुन्हा नुसतं डोकं दुखायला लागलं.

आणि मग एका सकाळी दवंडी खुर्चीतून जवळजवळ उठलाच.

"ऐका, ऐका! चक्क आभार! अहो, या कक्षाला आजवर शिव्यांशिवाय काही मिळालं नाही आणि हा माणूस आभार मानतोय." त्याने घसा खाकरला. "'प्रत मिळाली. हवी होती ती माहिती मिळाली. आपले काम स्वच्छ आहे. मनापासून आभार.' वा! कोण बरं हे?" आणि त्याने नाव वाचलं.

त्या माणसाने तिच्यासमोर उभ्या जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते.

"ती प्रत दाखव," ती म्हणाली.

"कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

दवंडी दचकला. त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पाहणाऱ्यांची पानं, एकाखाली एक पट्ट्या, सगळ्या सारख्याच काळ्या. नीटनेटकं काम. ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि पडद्याजवळ झुकली.

हे काजळ घालायचं संगणकावरचं साधन परदेशातून विकत आणलेलं. तिकडची अक्षरं सरळसोट, ना वर काही, ना खाली काही. पट्टी तेवढ्याच उंचीची. त्या पट्टीने शिरोरेघ झाकली होती, अक्षरांची पोटं झाकली होती. पण पट्टीच्या खाली, अगदी सुरुवातीला, एक उकार लोंबत होता. मधे पट्टीच्या डोक्यावर एक टिंब बसलं होतं. आणि शेवटी पट्टीच्या वर एक वेलांटी, पूर्ण, गोल, जशीच्या तशी. शेजारी 'मुख्य कार्यालय, ग्राहक माहिती कक्ष' हे तर उघडंच होतं, कारण झाकायची होती ती फक्त नावं.

आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काळं दिसलं की झाकलं असं समजून सगळे पुढे जात होते. तीसुद्धा.

लग्न झाल्यावर त्याने घराच्या दारावर तिचं नाव रंगवलं होतं. तेव्हा तो तसा नव्हता, किंवा असेल, तिला दिसला नव्हता. ती शिडी धरून खाली उभी होती. "तुझ्या नावाची वेलांटी एका दमात ओढावी लागते," तो म्हणाला होता. "मधे श्वास घेतला की बिघडली." त्याने श्वास रोखून धरला होता आणि ब्रश फिरवला होता. तिला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

"ताई, काय झालं?"

"मॅडमना बोलाव."

मॅडम बाहेर आल्या. तिने पडद्यावर बोट ठेवलं. आधी त्या बोटाकडे, मग वेलांटीकडे मॅडमनी पाहिलं.

"अशी नावं पुष्कळ असतील," त्या म्हणाल्या, पण स्वतःलाच पटत नसल्यासारखं. "नुसत्या उकार-वेलांटीवरून कुणी..."

"तो पेंटर आहे," ती म्हणाली. "पाट्या रंगवतो. माझं नाव त्याने वीत-वीत उंचीच्या अक्षरांत रंगवलंय. तो नुसती पट्टीची लांबी बघूनसुद्धा सांगेल."

"कोण पेंटर? हे ग्राहक?" दवंडीने विचारलं. तो तिच्याकडे, मॅडमकडे, पुन्हा तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे... ते तुमचे... अहो, मीच पाठवली ना ती प्रत."

"तुला कुठे माहीत होतं," ती म्हणाली.

"हे आभार कधी आलेत?" मॅडमनी विचारलं.

"आज सकाळीच."

"तुम्ही पर्स घ्या," मॅडम तिला म्हणाल्या. "मागच्या जिन्याने उतरा. गाडी मी बोलावते. आधी मुलीला शाळेतून घ्या, तिथून सरळ माझ्या घरी. पोलिसांत कुणाशी बोलायचं ते मी बघते. आणि खातं उघडल्याचं विसरा, मी काही बोलणार नाहीये."

तिने खण उघडला. लेकीचा जास्तीचा पंप ती कायम तिथे ठेवायची. तो तिने आधी उचलला. पर्सची चेन काही केल्या उघडेना. दवंडीने पुढे होऊन उघडून दिली.

तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. खालच्या वॉचमनकाकांचा. दवंडीने सवयीने बटण दाबलं, तसा आवाज सगळ्या कक्षात भरला.

"साहेब, खाली एक पेंटर आलेत. आपल्या कंपनीच्या पाटीचं माप घ्यायचंय म्हणतात. वर पाठवू ना?"

दवंडीचं तोंड उघडलं, पण त्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच काही फुटेना.

मॅडम फोनवर वाकल्या. "पाठवू नका. त्यांचं नाव विचारा."

पलीकडे कुजबुज झाली. कुणीतरी हळू, समजुतीच्या सुरात बोलत होतं. तो सूर ती ओळखत होती. तिने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मॅडम दाराकडे धावल्या आणि त्यांनी वरची कडी लावली.

"मॅडम, माणूस गमतीचा आहे," वॉचमनकाका हसत परत आले. "नाव सांगणार नाही म्हणतात. ते सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा हक्क आहे, म्हणतात."

आणि काकांच्या हसण्यामागे, फोनमध्ये, अगदी जवळून, टेप खट्टकन आत गेली.